दोनशे दहा म्हणजे किती?

फोंड्यातली सकाळ. लॅबच्या बाकावर माणसं उपाशीपोटी ताटकळलीत. खरं तर लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीच्या तपासणीसाठी, दर वेळी उपाशी राहावं लागत नाही. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) फार वाढलेली निघाली, तर डॉक्टर पुन्हा उपाशीपोटी बोलावतात. पण सवय सुटत नाही.

रिपोर्ट आला की नजर जाते टोटल कोलेस्टेरॉलवर. समजा, २१०. ‘दोनशेच्या जरासंच वर,’ म्हणत कागद खिशात.

तो जरा बाहेर काढा. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ३८; ट्रायग्लिसराइड्स २४०; एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १२४. यातलं एलडीएल अनेक लॅब थेट मोजत नाहीत. टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा केला, की उरतं ते एलडीएल. हे सूत्र १९७२ सालचं. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेली की ते चालतच नाही; त्याआधीही डळमळू लागतं. म्हणून दुसरी, सोपी वजाबाकी करा. २१० मधून ३८ गेले, राहिले १७२. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीच्या भिंतीत शिरून साचू शकणाऱ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल. धोका कमी असलेल्या माणसाचंही ते १३० च्या आत हवं. आता ‘जरासंच’ म्हणाल?

गोव्यात हा विषय निघाला की पहिली शिक्षा सुंगटांना, म्हणजे कोळंबीला. त्यांच्यात कोलेस्टेरॉल असतं खरं, पण संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) अगदी थोडी. आणि रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. खोबरेल तेलाचं नेमकं उलट. त्यात कोलेस्टेरॉल नाही, पण जवळपास ९० टक्के चरबी संपृक्त. तिच्यामुळे रक्तातलं एलडीएल ओढून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं. ‘आमच्या आजोबांनी जन्मभर नारळच खाल्ला,’ हे उत्तर ठरलेलं. आजोबा दिवसभर कुळागरात, नारळ-सुपारीच्या बागेत, राबत, ते कोण सांगणार? आणि त्या २४० ट्रायग्लिसराइड्सबद्दल विचारायचं असेल तर सुंगटांना सोडा. साखर, मैद्याचे पाव आणि संध्याकाळची फेणी यांना विचारा.

एक आकडा मात्र या कागदावर नसतोच. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाचा. तो बहुतांशी आईवडिलांकडून येतो, पथ्याने फारसा हलत नाही. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर डॉक्टरांना विचारून ही तपासणी जरूर करा. बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरते. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर निघाला, तर भावंडांनी आणि मुलांनीही ती करून घ्यावी.