तारखेचा खर्च

श्रोतेहो, नमस्कार. न्याय मिळवण्यासाठी किती पैसे लागतात, असे विचारले की आपण कोर्ट फी आणि वकिलांची फी एवढेच मोजतो. तिसरा खर्च तारखेचा असतो, आणि माझ्या मते गरीब पक्षकार त्यातच बुडतो.

माझ्या मावशीने वडिलांच्या जमिनीत आपला वाटा मिळावा म्हणून तालुक्याच्या न्यायालयात भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला. कोर्ट फी आणि वकिलांची फी तिने हातातल्या पाटल्या गहाण ठेवून भरली. त्यानंतर तारखा सुरू झाल्या. ज्या दिनदर्शिकेवर ती दुधाचे खाडे लिहीत असे, तिच्यावरच ती मजुरीचे खाडे लिहू लागली आणि त्याखाली एसटीचे भाडे व झेरॉक्सचे पैसे. त्या वर्षी 11 तारखा पडल्या. एकदा न्यायाधीश रजेवर होते, एकदा समन्स बजावले गेले नव्हते, आणि बहुतेक वेळा पुकारा झाला की समोरून मुदतीचा अर्ज येत असे. भावांना मुदतीची झळ नव्हती. जमीन त्यांच्या ताब्यात होती आणि दर हंगामाचे पीक त्यांच्याच घरी येत होते. म्हणजे जो विलंब मावशीला रोज बुडवून सोसावा लागे, त्याच विलंबातून त्यांना उत्पन्न मिळत होते. शेवटी लोकअदालतीत तिने हक्काच्या निम्म्याहून कमी जमिनीवर सही केली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मला ही म्हण अजिबात मान्य नाही, कारण ती नेहमी दुबळ्यालाच ऐकवली जाते.

दिवाणी प्रक्रिया संहितेत, सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा मुदत देऊ नये आणि मुदतीमुळे झालेल्या खर्चाबाबत न्यायालयाने आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. तो खर्च म्हणजे निदान समोरच्याची बुडालेली मजुरी आणि प्रवासभाडे असावे, आणि ते त्याच दिवशी त्याच्या हातात पडावे, असे मला मनापासून वाटते.

मावशीला फार उशिरा कळलेली गोष्ट मात्र आज सांगतो. मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व 1976 साली अनुच्छेद 39-अ म्हणून राज्यघटनेत आले, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 याच्या कलम 12 नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, असे साहाय्य मागता येते. पुन्हा सांगतो, उत्पन्न कितीही असो. मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांनाही हा हक्क आहे. या साहाय्यात वकील मिळतो आणि कोर्ट फीचाही भार उचलला जातो; पाटल्या गहाण ठेवण्याची गरजच नव्हती. दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा 15100 या क्रमांकावर विचारा. एक, पाच, एक, शून्य, शून्य.