टर्बो गाडीचं ऑईल आणि शंभर वर्षांपूर्वीचं एरंडेल

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी गॅरेजला लावली, ऑईल बदलायची वेळ आली, की आपल्या खान्देशात पहिला सल्ला ठरलेला: "जाड टाका भो, आपल्याकडे ऊन लई." भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो, तेव्हा हा सल्ला मनाला पटतो. जुन्या जीपला, जुन्या ट्रॅक्टरला तो चाललाही. पण आज आपल्या रस्त्यांवर टर्बो पेट्रोल गाड्या आल्यात. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. एक लिटरचं इंजिन आणि ताकद ११५-१२० हॉर्सपॉवर, दीड लिटरचं इंजिन आणि ताकद १५०. अशा गाडीला नुसतं जाड ऑईल टाकणं म्हणजे दुखणं एक आणि औषध भलतंच. आज बोलायचंय ते याच विषयावर.

घरातली कढई डोळ्यासमोर आणा. तेल गार असतं तेव्हा बुधलीतून सावकाश पडतं, तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. आणि त्याच कढईच्या कडेला, तळण झाल्यावर, एक तपकिरी चिकट थर बसतो. घासणीनं निघत नाही, राखेनं निघत नाही. गाडीच्या टर्बोत नेमकं हेच घडतं. टर्बोचा दांडा करंगळीएवढा बारीक. तो मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, आणि फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत. एका बाजूनं लाल झालेला एक्झॉस्ट, मध्ये हा दांडा. गाडी दामटून आणली आणि दारात येताच चावी बंद केली, की तेलाचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र दांड्याकडे येतच राहते. आत उरलेलं चमचाभर तेल जागच्या जागी जळतं. कढईच्या कडेचा तो थर टर्बोत बसतो.

म्हणून ऑईलला तीन प्रश्न विचारायचे. तापल्यावर टिकतं का? पेट्रोल मिसळलं तर टिकतं का? धातूला धरून राहतं का? पुन्हा सांगतो: ताप, पेट्रोल आणि पकड. हे तीन प्रश्न काही आजचे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी ते विमानांच्या इंजिनानं विचारले होते, आणि त्यांचं उत्तर आपल्या शेताच्या बांधावर उगवत होतं. ती हकिकत सांगण्यासारखी आहे.

पहिलं महायुद्ध, १९१४ साल. त्या वेळच्या अनेक लढाऊ विमानांना रोटरी इंजिन असायचं. आपल्या गाडीत इंजिनाचा सांगाडा स्थिर असतो आणि आतला क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, फिरतो. तिथे सगळं उलटं. क्रँक विमानाच्या नाकाला घट्ट बसवलेला, आणि भोवतीचे सात किंवा नऊ सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरताहेत! कारण सोपं होतं. पाण्याचा रेडिएटर वाहून न्यायचा नव्हता, आणि फिरत्या सिलिंडरांना आपोआप वारा लागायचा. पण या रचनेत एक अडचण होती. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पोकळ क्रँकमधून थेट इंजिनाच्या पोटात यायचं. म्हणजे जिथे वंगणाचं तेल, तिथेच पेट्रोल. जमिनीतून निघणारं खनिज तेल पेट्रोलमध्ये सहज विरघळतं आणि धुऊन जातं. मग बेअरिंग कोरडं, आणि कोरडं बेअरिंग आकाशात जाम होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा वापरलं गेलं एरंडेल. हो, तेच एरंडेल, जे आपल्या घरात पोट साफ व्हायला रात्री कोमट दुधातून देतात, जे बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून घालत. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. तापल्यावरही दाटपणा बराच धरून ठेवतं. आणि धातूला असं चिकटतं की पुसलं तरी बोटाला ओशटपणा राहतो. ताप, पेट्रोल, पकड: तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर.

पण फिरत्या इंजिनात गेलेलं तेल परत टाकीत येणार कसं? उसाच्या चरकाला रस गोळा करायला खाली भांडं असतं, इथे भांडंच नाही. फिरण्याच्या जोरानं तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जायचं आणि अर्धवट जळून धुरासोबत बाहेर पडायचं. तासाला काही लिटर एरंडेल असं हवेत जायचं. आणि त्या हवेत, इंजिनाच्या बरोबर मागे, उघड्या खोबणीत वैमानिक बसलेला. त्याच्या चष्म्यावर तेल, गालांवर तेल, कोटावर तेल. गळ्यातला रेशमी रुमाल मान घासू नये म्हणून असायचा, तोच चष्मा पुसायलाही कामी यायचा. आणि श्वासासोबत एरंडेलाचा धूर तासभर पोटात जायचा. चमचाभर एरंडेल काय करतं ते ऐकणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्या वैमानिकांची पोटं बिघडायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा उडायचे.

त्यांच्यात एक आपला माणूस होता. हरदितसिंग मलिक. जन्म १८९४ सालचा, रावळपिंडीचा. ऑक्सफर्डला शिकले, ससेक्स परगण्याकडून क्रिकेट खेळले, आणि १९१७ साली ब्रिटिशांच्या विमानदळात वैमानिक झाले. पगडी उतरवणार नाही म्हणाले, तेव्हा पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण त्यांच्यासाठी बनवून घ्यावं लागलं. त्यांचं विमान होतं सॉपविथ कॅमल, रोटरी इंजिनाचं. ऑक्टोबर १९१७ मध्ये हवाई लढाईत त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या, तशाही अवस्थेत त्यांनी विमान आपल्या हद्दीत आणून उतरवलं. पुढे हेच मलिक स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हवा, इतकं मोठं ते आयुष्य आहे.

आणि हे तेल यायचं कुठून? एरंडीचा मोठा पुरवठा भारतातून व्हायचा. १९१८ साली अमेरिकेनं विमानांसाठी आपल्याकडे एरंडी लावायची ठरवली, तेव्हा पेरणीचं बीसुद्धा भारतातून मागवलं. आजही जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, आणि त्यातली बहुतेक नवापूरच्या पलीकडे, गुजरातेत. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कपाशीच्या कडेनं एरंडीची एक ओळ लावायची आपली पद्धत फार शहाणी होती. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग आधी एरंडीवर अंडी घालतो, ती पानं तोडून नष्ट केली की कपाशी वाचते. ती ओळ बांधावरून नाहीशी होत चालली आहे. ती परत यायला हवी.

तर तेलाकडे वळू. शर्यतीच्या गाड्यांनाही एरंडेल इतकं मानवलं की १९०९ साली चार्ल्स वेकफिल्ड या इंग्रज उद्योजकाच्या कंपनीनं एरंडेल मिसळलेलं इंजिन तेल काढलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. मग आज आपण गाडीत एरंडेल का टाकत नाही? कारण ते टिकत नाही. उष्णता आणि हवा लागली की त्याचा डिंक होतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. शर्यत संपली की गरम असतानाच ते काढायचं आणि इंजिन उघडून साफ करायचं, असा शिरस्ता होता. वर्षभर गाडीत ठेवायचं ते तेल नव्हे. रसायनशास्त्राच्या भाषेत एरंडेल हे एस्टर. पुढे जेट विमानं आली, त्यांच्यासाठी डिंक न होणारे कृत्रिम एस्टर तयार झाले, आणि आज काही चांगल्या फुल सिंथेटिक ऑईलमध्ये त्या घराण्यातले घटक असतात.

आता आपली गाडी. डब्यावर लिहिलेलं असतं ५डब्ल्यू-४०. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा गार इंजिनाचा. तो जितका लहान, तितकं सकाळी सेल मारल्यावर तेल वर लवकर पोचतं. "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" असं म्हणून हा आकडा सोडून देऊ नका. ३० अंशालाही तेल १०० अंशाच्या मानानं कितीतरी दाट असतं, आणि इंजिनाची बरीच झीज गार सुरुवातीलाच होते. दुसरा आकडा १०० अंशाला तेल किती दाट आहे त्याचा. याहून महत्त्वाची एक चाचणी डब्यावर दिसत नाही, ती १५० अंशाला होते. बेअरिंगमध्ये तेल चिरडलं जातं तेव्हा थर किती टिकतो, हे ती सांगते. त्या चाचणीत दाटपणाचा आकडा २० ग्रेडला किमान २.६, ३० ग्रेडला २.९ आणि ५डब्ल्यू-४०ला ३.५ असावं लागतं. डब्यावर एसीइए, म्हणजे युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेचा दर्जा, ए३/बी४ किंवा सी३ लिहिला असेल, तर ३.५ची हमी मिळाली असं समजा.

मग २०डब्ल्यू-५० आणखी दाट, तेच का नको? नव्या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक असतात, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. गार सकाळी दाट तेल तिथे उशिरा पोचतं. टर्बोपर्यंतही उशिरा पोचतं. म्हणजे उन्हाची भीती घालवायला गेलो आणि रोज सकाळी टर्बो कोरडा फिरवला.

खरी निवड मॅन्युअलच्या पानावर असते. तिथे कंपनीचा मंजुरी क्रमांक दिलेला असतो, उदाहरणार्थ फोक्सवॅगन ५०२ ००, किंवा मर्सिडीज २२९.५, किंवा पोर्शे ए४०. तोच क्रमांक डब्याच्या मागच्या बाजूला शब्दशः हवा. शब्दशः म्हणतो, कारण "या क्रमांकासाठी योग्य" आणि "या क्रमांकाची मंजुरी" यात फरक आहे. मॅन्युअल दोन ग्रेडना परवानगी देत असेल आणि तुम्ही कन्नड घाट, तोरणमाळचा घाट भर उन्हात गाडी ताणून चढत असाल, तर दोनपैकी दाट घ्या. एकच ग्रेड दिला असेल, तर तोच. आणि ही मॅन्युअलं मराठीत का मिळू नयेत? गाडी महाराष्ट्रात विकायची आणि तिची निगा परक्या भाषेत वाचायची, हे योग्य नाही.

दुसरी खूण एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा. २०२० पासून एसपी हा दर्जा आहे. टर्बो गाडीला त्याच्या खालचं घेऊ नका. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये एकदम रेस दाबली की सिलिंडरमध्ये ठिणगीच्या आधीच भडका उडू शकतो, पिस्टन फुटेपर्यंत गोष्ट जाते. तेलातलं कॅल्शियम त्याला हातभार लावतं असं दिसल्यावर एसपीत त्याची चाचणी ठेवली गेली. आणि तुम्हीही पाचव्या गिअरमध्ये ४०च्या वेगावर रेस पूर्ण दाबू नका, आधी गिअर खाली आणा.

पेट्रोलचा प्रश्न आठवतो ना? थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात थोडं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर ते उडून जायला तेल पुरेसं तापतच नाही. महिन्यातून दोनदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, डिपस्टिक, काढा. पातळी कमी झाली तर तेल जळतंय. पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला, तर तेल पातळ झालंय, किलोमीटर न बघता बदला. नाहीतर जोरात चालवणाऱ्यानं मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावं, १५ हजार लिहिलं असेल तर साडेसात हजारावर, आणि वर्षापेक्षा जास्त कधीच नाही.

बदलताना इंजिन कोमट हवं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळायचा, कारण ऑईलचं चेंबर बऱ्याचदा अॅल्युमिनियमचं असतं आणि आटे जातात. फिल्टरच्या रबराला नवं तेल बोटानं लावा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, थांबा, डिपस्टिक बघा, मग उरलेलं थोडं थोडं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक तेलाला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचा थर बेअरिंगला धरत नाही.

खुलं ऑईल घेऊ नका. डब्याचं सील समोर फोडायला सांगा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर तो पुन्हा भरून कुणाला तरी विकला जातो. जुनं काळं तेल गटारात नाही, बांधावर नाही. बंद कॅनमध्ये भरून, तेल शुद्ध करणाऱ्यांकडे माल पोचवणाऱ्या गॅरेजला द्या.

आणि रोजचं एवढंच: सुरुवातीचे दहा किलोमीटर हलक्या पायानं, कारण पाण्याचा काटा वर आला तरी तेल अजून तापलेलं नसतं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर पुन्हा हलक्या पायानं. आग्रा रस्त्यावरून दामटून येऊन ढाब्यावर थांबलात, तर चहा सांगायच्या आधी एक-दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या. ऑईल बदललं त्या दिवसाची तारीख, किलोमीटर आणि ग्रेड एका कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कुणी "जाड टाका" म्हटलं, की तो कागद दाखवा.

नमस्कार.