व्यासपीठावरचा बूट

श्रोतेहो, नमस्कार. प्रचारात उमेदवार दमतो, हे सांगायला मी कशाला हवा? पण तो थकवा कॅमेऱ्यात सापडतो कधी, ते ऐका. भाषण रंगात आलेलं असताना नाही. भाषणाआधी. आपल्याकडे कोणी बघत नाहीये, असं त्याला वाटतं तेव्हा.

आता माझी आवडती गोष्ट. साल १९५२. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर, कामगार दिनाची सभा. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन व्यासपीठावर पायावर पाय टाकून बसलेत. शेजारी मिशिगनचे गव्हर्नर विल्यम्स. स्टीव्हन्सनची मान खाली, डोकं कागदांत. आणि खाली, व्यासपीठाच्या पायथ्याशी, 'फ्लिंट जर्नल' या वृत्तपत्राचा छायाचित्रकार विल्यम गॅलघर. बाकीचे चेहरे बघताहेत, याची नजर गेली बुटाकडे. उजव्या बुटाचा तळ झिजून झिजून चक्क भोक पडलेलं!

आता कॅमेरा डोळ्याला लावून नेम धरत बसलं, तर तो पाय जागेवर राहील का? गॅलघर गुडघ्यावर बसला, कॅमेरा खालीच धरला आणि न बघताच फोटो काढला.

बरं, हा भोकाच्या बुटाचा माणूस, स्टीव्हन्सन, कोण? इलिनॉयचा गव्हर्नर, आजोबा देशाचे उपाध्यक्ष होऊन गेलेले. नव्या जोडाला पैसे नव्हते थोडेच! सवड नसणार. तसं तळ बदलून बूट वापरण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. हल्ली शिवण जरा उसवली की जोड कचऱ्यात. असो.

फोटो छापून आला आणि लोकांनी स्टीव्हन्सनना बूट पाठवले! प्रचारवाले तरी कसले गप्प बसतात? त्यांनी भोक पडलेल्या तळाच्या आकाराच्या पिनाच काढल्या, कोटाला लावायला. नोव्हेंबरात मात्र प्रतिस्पर्धी आयसेनहॉवर दणदणीत जिंकले. स्टीव्हन्सन पडले आणि त्या फोटोला १९५३चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं. पडलेल्या उमेदवारानं गॅलघरला अभिनंदनाची तार केली, हे मला फार आवडतं.

तर पुन्हा सांगतो, भाषणाआधी. २००८ साली छायाचित्रकार कॅली शेल यांनी अध्यक्षपदाच्या प्रचारातल्या बराक ओबामांना असंच टिपलं. दोन कार्यक्रमांच्या मधे, पाय टेबलावर, दोन्ही तळ झिजलेले. माझ्या बुटांचे फोटो काढताय का, असं ओबामांनी मागाहून विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, उमेदवारी जाहीर केल्यापासून एकदा तळ बदलून झालेत. वर्षभरात! त्या मोचीचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही.