कॉमेडियन हार्मोनिस्ट्स : मधला आवाज ऐकायचा कसा?

नमस्कार मंडळी. काळ्या कोटातील पाच गायक आणि पियानोवर बसलेला सहावा, अशी एक जुनी कृष्णधवल चित्रफीत सध्या अनेकांच्या मोबाइलवर फिरत आहे. ती पाहिल्यापासून तुम्ही सगळे मला एकच प्रश्न विचारत आहात : पाच माणसे वेगवेगळे गात असूनही एकच वाद्य वाजत असल्यासारखे का वाटते? आज मी त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

आधी ओळख थोडक्यात करून देतो. या चमूचे नाव कॉमेडियन हार्मोनिस्ट्स, आणि गाव बर्लिन. हॅरी फ्रॉमरमान नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने अमेरिकेतील ‘द रेव्हलर्स’ या चमूच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि तसेच काही जर्मन भाषेत करावे, या ध्यासाने डिसेंबर १९२७ मध्ये वर्तमानपत्रात गायक हवे असल्याची जाहिरात दिली. सप्टेंबर १९२८ मध्ये बर्लिनच्या ग्रोसेस शाउश्पीलहाउस या भव्य नाट्यगृहात ते पहिल्यांदा रंगमंचावर आले आणि त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत जर्मनीभर त्यांचे नाव झाले. ‘वेरोनिका, देर लेन्त्स इस्ट दा’, ‘वोखेनएन्ड उन्ड झोनेनशाइन’, ‘माइन क्लाइनर ग्रूनर काक्टुस’ ही त्यांची गाणी दोन महायुद्धांमधल्या काळाची आठवण म्हणून आजही गायली जातात. त्यांच्या गाण्याच्या पद्धतीला क्लोज हार्मनी म्हणतात : कॉर्डमधील, म्हणजे एकाच वेळी लागणाऱ्या स्वरांच्या जुळणीतील, सगळे स्वर शक्यतो एका सप्तकाच्या आत, एकमेकांना खेटून गायचे. एवढी ओळख पुरे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण जवळजवळ सगळेच ही गाणी ऐकताना वरचा आवाज ऐकतो, कारण चाल त्याच्याकडे असते. फार तर बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, आपल्या लक्षात येतो, कारण तो घुमतो. मधले आवाज मात्र कोणी ऐकत नाही, आणि या सबंध कलेचे मर्म मधल्या आवाजांतच आहे. आज मी हे तीनदा सांगणार आहे, तीन वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे, कारण मागील भागात एकदा सांगून झाल्यावरही प्रतिक्रियांमध्ये ‘तो वरचा टेनर (उंच पट्टीतला पुरुष गायक) काय गातो!’ हेच वाक्य सर्वाधिक वेळा आले. तो टेनर, म्हणजे बल्गेरियातून आलेला आरी लेश्निकोफ, अप्रतिम गातो यात शंकाच नाही. परंतु त्याचा स्वर ज्यांच्यामुळे इतका उजळ लागतो, त्यांच्याकडेही आपले लक्ष गेले पाहिजे.

(हार्मोनियम पुढे ओढून)

हे नीट पाहा. वरच्या गायकाने पंचम धरला आहे, मधल्याने गंधार आणि खालच्याने षड्ज. सा, ग, प. सुखद, स्थिर कॉर्ड आहे. आता वरच्या गायकाने काहीही करायचे नाही, त्याने आपला पंचम तसाच लांबवायचा. मधल्याने गंधारावरून शुद्ध मध्यमावर यायचे, म्हणजे फक्त एक अर्धस्वर वर. त्याच क्षणी खालच्याने षड्जावरून मंद्र निषादावर यायचे, म्हणजे एक अर्धस्वर खाली. ऐकलेत? एकदम ताण आला. आता दोघांनी आपापल्या जागी परत यायचे. ताण सुटला. या सगळ्या वेळात चाल जागची हललेलीसुद्धा नाही. ज्याला आपण भाव बदलला असे म्हणतो, ते सगळे काम खालच्या दोघांनी केले, आणि त्यातही कठीण काम मधल्याचे होते.

मधल्याचेच काम कठीण का, ते समजून घेऊ. त्याला जो मध्यम लावायचा आहे, त्याच्या अगदी शेजारी, एका पूर्ण स्वराच्या अंतरावर, वरच्याचा पंचम जोरात वाजत असतो. पंचमाची ओढ विलक्षण असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तीन तरुणांना मी हाच पाठ दिला तेव्हा मधल्या मुलाचा मध्यम दर वेळी वर सरकत होता, आणि तो मुलगा सुरात कच्चा मुळीच नव्हता. एकटा गाताना त्याचा मध्यम स्वच्छ लागत असे. म्हणून आधी त्याला फक्त खालच्या आवाजाबरोबर गायला लावले, ग-सा वरून म-नी, पुन्हा ग-सा. त्या दोघांची जोडी पक्की झाल्यावरच वरच्याला अगदी हलक्या आवाजात पंचम द्यायला सांगितले. मग मध्यम ठरला. क्लोज हार्मनीची तालीम करणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सुचवीन : खालून वर बांधत जा. चाल सर्वांत शेवटी येऊ द्या.

येथे एका प्रतिक्रियेचे उत्तर देतो. एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की आपल्या शाळांमधून होणारे समूहगान यापेक्षा वेगळे ते काय? फरक मूलभूत आहे. समूहगानात सगळे एकच चाल गातात, मुले वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या, इतकाच भेद असतो. येथे प्रत्येकाची चाल वेगळी असते. मधल्या गायकाची ओळ एकट्याने गाऊन पाहिली तर ती अनेकदा गाणे म्हणून ओळखूही येत नाही. तोच तोच स्वर, मध्येच अर्धा स्वर वर, पुन्हा तोच स्वर. अशी ओळ प्रेमाने गाण्यासाठी वेगळी वृत्ती लागते, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

दुसऱ्या एकांनी विचारले आहे की हे आपल्या मातीतले नाही, तर आपण त्यात का शिरावे? राग-संगीताची वाट वेगळी आहे हे खरेच आहे. परंतु गोव्यातील मांडो हा गीतप्रकार दोन आवाजांत गायला जातो, दुसरा आवाज चालीखाली तिसऱ्या स्वराच्या अंतराने सोबत करत असतो, आणि चर्चमधील संगीतशिक्षणातून तयार झालेल्या गोमंतकीय वादकांनी व संयोजकांनी हीच दृष्टी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणली. सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांनी लिहिलेल्या व्हायोलिनच्या जागा ज्यांना आवडतात, त्यांच्या कानावर हे संस्कार आधीच झालेले आहेत.

आता दुसरी बाजू, सुराच्या नेमकेपणाची. मघाच्या कॉर्डमध्ये गंधार कोणाकडे होता? मधल्याकडे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो आणि समान अंतराने लावलेल्या हार्मोनियमवरचा गंधार एक नाहीत. अर्धस्वराचे १०० भाग कल्पिले तर हार्मोनियमचा गंधार सुमारे १४ भागांनी चढा असतो. पियानोचेही तेच. पियानो थांबून केवळ आवाज उरतात तेव्हा मधल्या गायकाने आपला गंधार किंचित उतरवला तर कॉर्ड एकदम जुळून येते, आवाजांमधील खरखर नाहीशी होते आणि कोणीही गात नसलेला एक वरचा स्वर हवेत ऐकू येऊ लागतो. मधल्याने तो उतरवला नाही तर तिघेही आपापल्या परीने सुरात असतात आणि तरीही काहीतरी टोचत राहते. तुम्हाला जे ‘एकच वाद्य’ ऐकू येते, त्याचे पहिले कारण हे आहे, आणि त्याची जबाबदारी पुन्हा मधल्या माणसावर आहे. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या आपल्याकडच्या गायकांना ही गोष्ट पाश्चात्त्य विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे कारण स्वरोच्चाराचे. पाच जणांनी ‘आ’ म्हणायचा तर पाचही तोंडे सारखीच उघडली पाहिजेत. एकाचा ‘आ’ पसरट आणि दुसऱ्याचा गोल झाला, तर सूर बरोबर असूनही आवाज वेगवेगळे ऐकू येतात. कॉमेडियन हार्मोनिस्ट्स तासन्‌तास तालीम करत ती प्रामुख्याने याचसाठी. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोनपुढे हळू गाता येऊ लागले, आणि या चमूने त्या हळूपणाचेच शास्त्र केले. ड्यूक एलिंग्टन यांची ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही रचना त्यांनी १९३३ मध्ये ध्वनिमुद्रित केली, तीत एकही शब्द नाही आणि वाद्येही नाहीत. फ्रॉमरमान आपल्या गळ्यातून तुतारीचा दबका आवाज काढतो आणि बाकीचे त्याच्याखाली सॅक्सोफोनांसारखे पसरतात. ती ऐकताना तुतारीच्या मागे जाऊ नका. तिच्याखालच्या लांबवलेल्या स्वरांकडे कान द्या आणि ते किती हळू गायले आहेत हे पाहा.

येथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. ही गाणी नव्याने गाणारे काही चमू आज प्रत्येक गायकाच्या हाती स्वतंत्र मायक्रोफोन देतात. मग ध्वनिसंयोजक चाल ऐकू यावी म्हणून वरचा आवाज वाढवतो, ठोका जाणवावा म्हणून बास वाढवतो, आणि मधले आवाज धुरासारखे मागे राहतात. त्याला क्लोज हार्मनी म्हणणे मला पटत नाही. गायकांनी एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतके जवळ उभे राहून स्वतःच आपले आवाज तोलले पाहिजेत. तोल गळ्यात असला पाहिजे, यंत्रावर नव्हे.

तिसरी बाजू इतिहासाची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ‘किती गोड जुनी गाणी’ म्हणून हा विषय संपवणे मला योग्य वाटत नाही. या पाच आवाजांची रचना लक्षात घ्या. सर्वांत वर लेश्निकोफ. त्याच्याखाली दुसरा टेनर एरिक कोलिन, मग फ्रॉमरमान, मग बॅरिटोन रोमान त्सिकोव्स्की, आणि तळाशी बास रॉबर्ट बिबर्टी. पियानोवर एर्विन बूट्स. नाझी सत्तेवर आल्यानंतर संगीतकारांना राइशच्या, म्हणजे नाझी सरकारच्या, संगीतमंडळाचे सदस्यत्व अनिवार्य झाले. फ्रॉमरमान आणि त्सिकोव्स्की ज्यू होते. कोलिनचा बाप्तिस्मा झालेला होता, परंतु जन्म ज्यू कुटुंबातील असल्यामुळे नाझी कायद्याच्या लेखी तोही ज्यूच. मार्च १९३४ मध्ये त्यांचा जर्मनीतील शेवटचा कार्यक्रम हानोवर येथे झाला, आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये आलेल्या आदेशाने या तिघांना सदस्यत्व नाकारले व उरलेल्या तिघांना त्यांच्यासोबत गाण्यास मनाई केली.

आता मघाची रचना पुन्हा पाहा. कोलिन, फ्रॉमरमान, त्सिकोव्स्की. तिन्ही मधले आवाज गेले. उरला वरचा टेनर, तळाचा बास आणि पियानो. म्हणजे ज्यांचे गाणे सहज ऐकू येते ते बर्लिनमध्ये राहिले, आणि ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांना देशाबाहेर जावे लागले. शिवाय गाण्यांची स्वररचना करणारा मुख्य माणूस फ्रॉमरमानही त्यांच्यातच होता.

दोन्ही बाजूंनी चमू पुन्हा उभे केले. बर्लिनमध्ये राहिलेल्यांनी नवे मधले आवाज घेऊन ‘माइस्टरझेक्स्टेट’ या जर्मन नावाचा चमू काढला, कारण परकी नावही आता चालणार नव्हते. बाहेर पडलेल्या तिघांनी व्हिएन्नात नवा टेनर, नवा बास आणि नवा पियानोवादक घेतला आणि ऑस्ट्रेलियापर्यंत दौरे केले. १९४१ च्या सुमारास दोन्ही चमू संपले. हे सहा जण पुन्हा कधीही एकत्र गायले नाहीत. त्सिकोव्स्की पुढे अमेरिकेत सिनेगॉगमध्ये प्रार्थनागायक झाला आणि सहाही जणांत सर्वांत शेवटी, १९९८ मध्ये, कॅलिफोर्नियात वारला.

‘मधल्यांच्या जागी दुसरे घेतले तर काय बिघडते?’ असा प्रश्न एका भगिनींनी विचारला होता. माइस्टरझेक्स्टेटच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, त्याच याचे उत्तर देतील. वरचा टेनर तोच आहे, बास तोच आहे, गायक तरबेज आहेत, एकही स्वर चुकत नाही. तरीही जुन्या मुद्रिकांतील आवाज एकमेकांत मिसळून जात, ते येथे होत नाही. गाणे नीटनेटके होते आणि तेथेच थांबते. हे माझ्या कानाचे मत आहे, आणि मी ते बराच काळ ऐकून बनवले आहे.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांनी एबरहार्ड फेख्नर यांचा सत्तरच्या दशकातील माहितीपट पाहावा, कारण त्यात हयात असलेले सदस्य स्वतः बोलतात. १९९७ चा जर्मन चित्रपटही पाहण्यासारखा आहे, परंतु त्यात प्रेमकथेने पुष्कळ जागा घेतली आहे. रंगमंचावरील सादरीकरणांपैकी बर्लिन कॉमेडियन हार्मोनिस्ट्स हा चमू १९९७ पासून ही परंपरा चालवत आहे.

आणि आता तुमच्यासाठी काम. १९३० ची ‘वोखेनएन्ड उन्ड झोनेनशाइन’ लावा, हेडफोन घाला, आणि पहिल्यांदा ऐकताना बासबरोबर मनात गुणगुणा. दुसऱ्यांदा बॅरिटोन शोधा, म्हणजे बासच्या लगेच वरचा, फारसा न हलणारा आवाज. तो सापडला की त्याला कडव्याच्या शेवटापर्यंत सोडू नका, चाल कितीही खुणावत असली तरी. कोणत्या ठिकाणी तो तुमच्या हातून निसटला, ते मिनिट आणि सेकंदासह खाली लिहा. पुढच्या भागात मी त्याच जागा हार्मोनियमवर उलगडून दाखवीन.