बघणाऱ्याला जवळ बोलवा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मेटल डिटेक्टर वापरताना पाळायचे शिष्टाचार’. त्यात परवानगी आली, कायदा आला, खड्डा कसा खणायचा आणि कसा बुजवायचा ते आलं, सापडलेल्या वस्तूचं काय करायचं तेही आलं. ते सगळं मी सांगणार आहे. पण त्याआधी मला बघ्यांबद्दल बोलायचंय, कारण हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय आणि इतके ऐकणारे पुन्हा कधी मिळतील कोण जाणे.

इथे किती जणांकडे स्वतःचं यंत्र आहे? हात वर करा. छान, बरेच आहात. आता दुसरा प्रश्न. कुणी जवळ येताना दिसलं की किती जण मान आणखी खाली घालतात आणि हेडफोन लावलेत, काही ऐकू येत नाही असं दाखवतात? (हशा) हात वर झाले नाहीत, पण हसलात. उत्तर मिळालं.

नव्या माणसाला आपल्यात पहिला सल्ला हाच मिळतो, की बघ्यांना टाळायचं कसं. लवकर पहाटे जा. आडबाजूला जा. कुणी विचारलंच तर ‘काही नाही हो, बाटल्यांची झाकणंच निघतात’ म्हणा आणि पुढे सरका. मला हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो. बघणारा माणूस ही आपल्या छंदातली अडचण नाही. आपण उघड्यावर, सचोटीनं काम करतोय याचा तो एकमेव साक्षीदार आहे, आणि जमिनीबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता फार मोठी आहे.

जरा त्याच्या जागी उभे राहून बघा. पन्नास पावलांवरून त्याला काय दिसतं? कानावर हेडफोन लावलेला एक माणूस दांडी हलवत फिरतोय. मध्येच थांबतो, गुडघ्यावर बसतो, पात्यासारखं काहीतरी काढून जमीन कापतो, मातीतून काहीतरी उचलतो आणि खिशात टाकतो. ते काय होतं हे काही दिसत नाही, दिसतं फक्त खिशात जाणं. यावरून त्या माणसाच्या मनात काय येईल? त्यात त्याची काय चूक? मनातली शंका विचारायला तो चार पावलं पुढे येतो, तेव्हा खरं तर तो आपल्यावर उपकारच करत असतो. जो विचारत नाही आणि सरळ जाऊन तक्रार करतो, तो महागात पडतो.

आणि त्याचे प्रश्न काय असतात? तेच तीन. काय सापडलं, किती खोल जातं, सोनं दाखवतं का. आपल्याला ते ऐकून कंटाळा आलेला असतो, पण तो बिचारा पहिल्यांदाच विचारतोय. खरी उत्तरं द्या. नाण्याएवढी वस्तू साधारण वीसपंचवीस सेंटिमीटरपर्यंत लागते, वस्तू मोठी असेल तर आणखी खोल. कॉइलमधून, म्हणजे दांडीच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यानं भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र परत येतं आणि यंत्र ते पकडतं. सोनं आहे हे यंत्राला कळत नाही. त्याला कळतं ते वस्तू किती वाहक आहे, किती मोठी आहे. म्हणून सोन्याची बारीक अंगठी आणि शीतपेयाच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी पडद्यावर जवळजवळ एकच आकडा दाखवतात. दहा कड्या खणल्याशिवाय अंगठीपर्यंत पोचता येत नाही. एवढं सांगून हेडफोन काढून त्याच्या कानाला लावा, बुटाचं टोक कॉइलसमोर धरा, आत लोखंड असेल तर ते वाजेल. माणसाचा चेहरा कसा उजळतो ते बघा. तो आता बघ्या राहिलेला नसतो.

आता एक गोष्ट सांगतो. जरा लांबेल, पण ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही.

साल १८८१. २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीत शिरली आणि आतच राहिली. क्ष-किरण तेव्हा माहीत नव्हते, त्यांचा शोध लागला १८९५ मध्ये. गोळी नेमकी कुठे आहे ते शोधायला डॉक्टर जखमेत बोटं आणि सळ्या घालून चाचपत होते. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी हे वाचलं आणि ते कामाला लागले. तारेच्या वेटोळ्यांचं एक यंत्र त्यांनी घडवलं. वेटोळ्यांचा तोल साधलेला असेल तर टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये शांतता, जवळ धातू आला की आवाज. आपल्या हातातल्या यंत्राचा हा पूर्वज. यादवी युद्धातल्या ज्या जुन्या सैनिकांच्या अंगात गोळ्या राहून गेल्या होत्या, त्यांच्यावर त्यांनी यंत्र पारखून घेतलं. चालत होतं.

२६ जुलैला अध्यक्षांच्या अंगावरून यंत्र फिरवलं. जोडणीत गडबड होती, नुसती खरखर झाली. बेल परत गेले, दुरुस्ती केली आणि १ ऑगस्टला पुन्हा आले. आता ती खोली डोळ्यांसमोर आणा. पलंगावर अध्यक्ष आहेत, हातात यंत्र धरून बेल आहेत, भोवती डॉक्टर आहेत. त्यातले मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस. गोळी उजव्या बाजूला आहे असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि शोधही उजव्याच बाजूला होईल हे त्यांनी पाहिलं. यंत्रानं क्षीण आवाज दिला, पण तो एका ठिपक्यावर नाही, बऱ्याच मोठ्या भागावर. कुणालाच त्याचा अर्थ लागेना. पलंगाजवळचं सगळं धातूचं सामान हलवलंय ना, असं बेल यांनी नंतर डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कुणालातरी आठवलं, की अध्यक्षांच्या अंगाखालच्या घोड्याच्या केसांच्या गादीखाली आणखी एक गादी आहे, आणि ती पोलादी तारांची आहे.

१९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, स्वादुपिंडाच्या मागे मिळाली. तिथपर्यंत बेल यांचं यंत्र पोचलं असतं का, तारांच्या गादीनं नेमका किती गोंधळ घातला, यावर आजही वाद होतो. मला त्यात शिरायचं नाही. मला दिसते ती त्या खोलीतली माणसांची मांडणी. ज्याचा शब्द चालत होता त्याला जागा ठाऊक नव्हती. आणि ती गादी ज्यांनी रोज पाहिली, झटकली, चादर घालून सारखी केली, त्या माणसांना कुणी पुढे बोलावून विचारलं नाही. मेटल डिटेक्टरच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या मोठ्या शोधात, कामाची माहिती असलेलं माणूस कडेला उभं होतं. मैदानात आपल्याभोवती उभा राहणारा माणूस मला त्यांच्यापैकीच एक वाटतो.

तुम्ही म्हणाल, हे फार ओढूनताणून झालं. मग अलीकडचं सांगतो. एका मोकळ्या जागेवर आम्ही रीतसर परवानगी घेऊन जात होतो. एक वयस्कर गृहस्थ रोज फेरी मारताना थांबायचे, दोन मिनिटं बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. एकदा मी हेडफोन काढून त्यांना हाक मारली, नुकताच निघालेला बक्कल त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला, उलटून पाहिला आणि म्हणाले, ‘तुम्ही चुकीच्या बाजूला शोधताय. वाट पूर्वी इथून जातच नव्हती, त्या झाडांच्या पलीकडून जायची.’ आणि काठीनं जमिनीवर जुनी वाट काढून दाखवली. कुठल्याही नकाशात ती नव्हती. त्या रेघेवर पुढे जे निघालं त्यात मोलाचं काही नव्हतं. नाल, गुंड्या, घासून गुळगुळीत झालेली नाणी, एका छोट्या कुलपाचं झाकण. पण वाट होती. आणि ती त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं पडून होती, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ती जागा आज बंद आहे. हे सांगताना मला अजूनही राग येतो. आमच्यानंतर आणखी कोणी यायला लागले, विनापरवाना. खड्डे उघडे टाकायचे, निघालेले गंजके पत्रे तिथेच फेकायचे, आणि कुणी विचारलं तर उद्धटपणे ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणायचे. एका मुलाचा पाय अशाच खड्ड्यात मुरगळला. ज्यांच्याकडे जागेचा कारभार होता त्यांनी सगळ्यांनाच बंदी केली, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी गेलो होतो भेटायला. त्यांच्या टेबलावर तक्रारींचा गठ्ठा होता. त्यातलं जवळजवळ प्रत्येक पत्र खड्ड्यापेक्षा त्या बोलण्याबद्दल होतं. खड्डा माणूस एकदा माफ करेल. अपमान माफ करत नाही.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं.)

मग पत्रिकेवरचं भराभर घेतो. परवानगी जागेच्या मालकाची, आणि शक्यतो लेखी. सापडलेल्याची वाटणी कशी करायची हेही त्यात आधीच लिहून घ्या. कायदा देशागणिक वेगळा आहे. इंग्लंडमध्ये संरक्षित प्राचीन स्थळावर परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, आणि १९९६ च्या कायद्यानं ‘ट्रेझर’ ठरणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर आधी परवाना लागतो. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं त्यानुसार बंधनकारक आहे. यंत्र विकत घेण्याआधी कायदा वाचा, आणि त्याची प्रत पिशवीत ठेवा. बघणाऱ्याला दाखवायला तीच कामी येते.

खणणं. गवत असेल तर तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या, तुकडा मुळांसकट उलटा. सुटी माती कापडावर घ्या, गवतावर नको. पिनपॉइंटरनं, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या डिटेक्टरनं, खड्डा पुन्हा तपासा, कारण एकाखाली दुसरी वस्तू असते. मग माती आत, तुकडा वर, पायानं दाब. आणि हे सगळं बघणाऱ्यासमोर करा, त्याच्याकडे पाठ न करता. कचरा वेगळ्या पिशवीत घेऊन जा. लहान मुलं असतील तर खणायचं पातं आधी म्यानात, मग गप्पा. मुलांना निघालेलं एखादं झाकण जरूर द्या, पण पालकांना विचारून आणि धारदार कडा तपासून.

काही जुनं, अनेक वस्तू एकत्र असं लागलं, तर थांबा. १६ नोव्हेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावाजवळ एरिक लॉज एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. रोमन नाणी आणि चांदीचे चमचे निघायला लागले. त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ठेवा जागेवरच, मांडणीसकट बाहेर काढला. जवळपास पंधरा हजार नाणी निघाली. जी पेटी कुजून गेली होती तिच्यात वस्तू कशा रचल्या होत्या, तेही त्यामुळे कळलं. हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. याच्या उलट, २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये लेम्स्टरजवळ व्हायकिंग काळातला ठेवा दोघांनी लपवला, विकला. साधारण तीनशे नाण्यांपैकी तीसएक परत मिळाली, आणि २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. हॉक्सनला शेतकरी मित्रालाही सगळं ठाऊक होतं. लपवणाऱ्याला कुणी बघणारं नको असतं.

इथे एक अपवाद आहे, आणि तो माझ्याच म्हणण्याला आहे. मोठा ठेवा निघत असेल तेव्हा बघ्यांना सगळं दाखवू नका. खड्डा झाका, कळवा, जागा बोलून दाखवू नका, फोटो टाकू नका. उघडपणा आपल्या वागण्यात हवा. ठेव्याची जागा जगाला सांगणं ही वेगळी गोष्ट झाली, रात्री येणारे चोर तेवढ्याचीच वाट बघत असतात. आणि जाड कवचाची, शेपटीला पंख असलेली किंवा टोकाला पेचाचं टोपण असलेली वस्तू दिसली, तर हात लावायचा नाही. यंत्र तिथेच सोडा, माणसांना लांब न्या, पोलिसांना बोलवा. लढाईतला न फुटलेला दारूगोळा शंभर वर्षांनीही फुटतो.

शेवटचं. कुणी येऊन ‘माझी अंगठी इथे हरवली’ म्हणालं, तर अंगठी सापडल्यावर आधी त्याच्याकडून खूण ऐका, मग मूठ उघडा. शोधून देणं तुमचं काम, बक्षीस घेणं नाही.

वेळ संपली. यंत्र त्या टेबलावर चालू करून ठेवलंय, ज्यांनी कधी हातात घेतलं नाही त्यांनी आधी पुढे यावं. पिनपॉइंटर घेताना हातातली अंगठी आणि कडं काढा, नाहीतर तो तुम्हालाच वाजवेल.