पत्रिकेवरून लिहिलेली बातमी

(दृश्य : सांगली, विष्णुदास भावे नाट्यमंदिर. रिकामं सभागृह, उघडा रंगमंच.)

५ नोव्हेंबर १८४३. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. या तारखेला आता रंगभूमी दिन असतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बहुधा काय येतं? दोन कॉलमांचा फोटो, त्यात समई, समईभोवती नऊ माणसं. खाली त्या नऊ जणांची नावं, डावीकडून उजवीकडे. नाटकाचं नाव शेवटच्या ओळीत, तेही ओळ उरली तर.

जागा नाही, असं डेस्कवर सांगतात. ते अर्धंच खरं आहे. समईच्या फोटोला जागा मिळतेच. अडतं ते माणसापाशी. प्रयोग संपेपर्यंत खुर्चीत बसणारा माणूस पेपरकडे नाही.

(दृश्य : रात्रीचं वृत्तपत्र कार्यालय. संगणकावर पान लागतंय.)

राज्य नाट्य स्पर्धेचंच बघा. १९५४ पासून चालत आलेली स्पर्धा, आणि सांगली तिचं जुनं केंद्र. प्रयोग संध्याकाळी सुरू होतो आणि दोन अंकी नाटक उतरायला साडेनऊ-दहा वाजतात. तालुक्यांची पानं त्याआधीच सुटलेली असतात, शहराचं पान तेवढं उशिरा सुटतं. म्हणून बातमी दुपारीच तयार होते, संस्थेने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मजकुरावरून. आयत्या वेळी नट बदलला, प्रकाशयोजना दुसऱ्याने सांभाळली, तरी छापून येतं ते निमंत्रणपत्रिकेवरचंच नाव.

यावर उपाय साधा आहे : परीक्षण त्या रात्री छापूच नये. स्पर्धेत संघाचा प्रयोग एकच असतो, तिकीटविक्री त्या परीक्षणावर अवलंबून नसते. एक दिवस उशिरा, पण बघून लिहिलेले २५० शब्द द्यावेत. निकालात नंबर कळतो. दुसऱ्या अंकात नाटक का पडलं, नेपथ्य कुठे आडवं आलं, हे त्यातून कळत नाही. हौशी दिग्दर्शकाला मात्र तेच हवं असतं.

(दृश्य : मिरज, ख्वाजा शमना मिरा दर्गा. तानपुरे जुळतायत.)

मिरजेत अडचण वेगळी. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. १९३७ साली ते गेले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथे गायक-वादक हजेरी लावतात. बातमीत ‘मैफल रंगली’ आणि ‘रसिक मंत्रमुग्ध’. राग कोणता, ते नाही. कधी असतो तोही चुकीचा : पूरिया धनाश्री गायला गेला आणि छापून आला नुसता पूरिया. हे दोन वेगळे राग आहेत.

बातमीदाराला गाणं कळलंच पाहिजे असं नाही. मागे तानपुऱ्यावर बसलेला बहुधा गायकाचा शिष्य असतो. मैफल उठल्यावर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द. पाच मिनिटांचं काम. तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावंही तिथेच मिळतात.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातमी ठळक आली. मग गप्प. या वाद्यांसाठी पंढरपूर भागातून येणारा भोपळा यंदा कसा निघाला, त्यांना लागणारं तूनचं लाकूड काय भावाने पडतं, तारा आणि जवारीचं (तारेखालची घोडी घासून सूर जुळवण्याचं) काम शिकायला पोरं येतात का, या दर हंगामाच्या बातम्या आहेत. हळदीचा भाव छापतोच की आपण.

(दृश्य : गावची यात्रा, तमाशाचा तंबू.)

तमाशाचे नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव याच सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. तरीही यात्रेतला तमाशा पेपरात येतो तो पोलीस बंदोबस्ताच्या नाहीतर रात्री दहाला बंद झालेल्या स्पीकरच्या बातमीत. गण-गवळण कशी झाली, वग कोणता लावला, सोंगाड्या कोण होता? त्याची नोंद कुठेच नाही.

तालुक्याच्या वार्ताहराला यात दोष देणं सोपं आहे. त्याचं मानधन तुटपुंजं, बऱ्याचदा खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. तमाशाचा फड किंवा हौशी नाट्यसंघ पानभर जाहिरात देत नाही.

(दृश्य : वहीचं पान. हाताने लिहिलेली नावं.)

तरी एक गोष्ट फुकट होते. पडदा उघडण्याआधी पंधरा मिनिटं विंगेत जायचं, श्रेयनामावली वहीत उतरवायची आणि ते पान दिग्दर्शकाला दाखवायचं. ‘कुलकर्णी’ की ‘कुळकर्णी’, एवढा निकाल तरी तिथेच लागतो.