‘स्पायर’ म्हणजे कोंब

मंडळींनो, नमस्कार आणि दसऱ्याच्या शुभेच्छा. आज घटातले धान्याचे कोंब उपटून आपल्यापैकी अनेकांनी देवाला वाहिले असतील, कोणी टोपीतही खोवले असतील. मला जे सांगायचे आहे ते त्या कोंबांबद्दलच आहे.

आपल्या सहलीत इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या कॅथीड्रलसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर, उभे असताना त्याच्या वरच्या निमुळत्या टोकाबद्दल एका मुलीने मला विचारले होते, “काका, याला स्पायर का म्हणतात?” ‘अस्पायर’, ‘इन्स्पायर’ यांच्याच कुळातला, आकाशाची आस धरणारा हा शब्द असावा, असे उत्तर मी तिला दिले. ते चुकीचे होते आणि मुलांना दिलेले चुकीचे उत्तर तसेच राहू देऊ नये, असे मला वाटते.

ते दोन्ही शब्द श्वास घेणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहेत. ‘स्पायर’ मात्र जुन्या इंग्रजीतला अस्सल शब्द असून, तिथे ‘स्पीर’ म्हणजे कोंब, अंकुर, गवताचे ताठ पाते. चर्चच्या निमुळत्या टोकासाठी तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला, म्हणजे सॅलिसबरीचे टोक उभे राहून अडीचशेच्या आसपास वर्षे लोटल्यावर. जुना अर्थ आजही जिवंत आहे: जवाला मोड आणून वाळवून त्याचे ‘माल्ट’ करणारे लोक दाण्याच्या सालीखाली वाढणाऱ्या कोंबाला ‘ॲक्रोस्पायर’ म्हणतात आणि त्याची लांबी पाहून मोड थांबवण्याची वेळ ठरवतात.

‘स्टीपल’ हा वेगळा शब्द. त्यात खालचा बुरूजही येतो, तर स्पायर म्हणजे फक्त वरचा निमुळता भाग. सॅलिसबरीत जमिनीपासून त्या टोकापर्यंतची उंची १२३ मीटर आहे. बुरूज आणि टोक मिळून सुमारे ६,५०० टनांचा भार मुळच्या इमारतीवर नंतर चढला, त्यामुळे खालचे दगडी खांब वाकले आहेत आणि तो बाक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आत मध्ययुगीन लाकडी सांगाडा अजून आहे.

सहलीच्या पत्रकात आपण ‘शिखर’ लिहिले होते. तो शब्द देवळालाही लावतात, पण मुळात तो डोंगराचा आहे. सॅलिसबरीच्या टोकात डोंगराचा पसरटपणा कुठेच नाही. त्या मुलीने आज घटातला एक कोंब हातात घेऊन पाहावा: बुडाशी फिकट, मग सरळ, वर सुईसारखा निमुळता. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर तो कोंब आहे.